टी-टॉप गळतोय? रबर नंतर घ्या, आधी होस घ्या

यावेळच्या पत्रांत एकच रडगाणं आहे, छत गळतंय. घराचं नाही हो, गाडीचं. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी हल्ली जुन्या स्पोर्ट्स कार घ्यायला सुरुवात केलीये, शिकायला आलो तेव्हा ज्या गाडीकडे नुसतं बघत बसायचो ती आता पन्नाशीत परवडते म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं छत काढता येतं. टी-टॉप त्यातलाच एक प्रकार, मधे एक दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना काढता येणारी काचेची पॅनलं. काढता येणारं छत म्हटलं की गळती आलीच. चार पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत तेव्हा ते वाचाच.

प्रश्न: काका नमस्कार. माझ्याकडे 1989 ची कॅमारो आयरॉक-झी आहे, टी-टॉपवाली. पाऊस आला की माझ्या डाव्या गुडघ्यावर टपटप सुरू. टी-टॉपची सगळी रबरं नवीन आणून बसवली, काही शे डॉलर गेले, अख्खा वीकेंड गेला, आणि गळती होती तेवढीच, कधीकधी तर जास्तच. गंमत म्हणजे ऑफिसच्या पार्किंगमधे दिवसभर पावसात उभी असते तेव्हा आत कोरडी ठक्क, आणि घरी ड्राइव्हवेवर एका रात्रीत सीट ओली. बायको म्हणते विकून टाक. काय करू?
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: विकू नका एवढ्यात. तुम्ही जे गंमत म्हणून लिहिलंय ना, ऑफिसात कोरडी आणि घरी ओली, खरी मेख तिथेच आहे.

कोकणात कौलारू घरात ज्यांनी पावसाळे काढलेत त्यांना माहितीये, पाणी टपकतं देवघरात आणि फुटलेलं कौल सापडतं पार पडवीच्या वर. पाणी वाशावरून, रिपेवरून सरकत सरकत येतं आणि जिथे अडतं तिथे पडतं. गाडीचंही तेच. गुडघ्यावर पडणारा थेंब गुडघ्याच्या बरोबर वरूनच आलाय असं धरून तुम्ही रबरं घेतलीत. तो जर विंडशील्डच्या वरच्या कोपऱ्यातून शिरून खांबावरच्या प्लॅस्टिकच्या मागून खाली उतरत असेल तर टी-टॉपला सोन्याचं रबर लावलंत तरी काय उपयोग.

आता घर आणि ऑफिसचं. टी-टॉपची काच म्हणजे काही डब्याचं घट्ट झाकण नाही. थोडंफार पाणी रबराच्या बाहेरच्या कडेतून आत येणारच, ते आतल्या पन्हळीत पडतं आणि कडेने बाहेर जातं, असा हिशेब असतो, आणि तो गाडी सपाटीवर उभी आहे असं धरून केलेला असतो. तुमचा ड्राइव्हवे उताराचा असणार आणि गाडी नाक खाली करून लागत असणार, मी पैज लावायला तयार आहे. मग सगळं पाणी पुढच्या कोपऱ्यात गोळा होतं, आणि पन्हळ भरली की तुमचा गुडघा.

दुसरं म्हणजे पीळ. छताचे दोन मोठे तुकडे कापून काढले की बॉडी ढिली पडते, म्हणून तर मधे ती दांडी ठेवतात, तिच्यामुळे वरून बघितलं की इंग्रजी टी दिसतो. गॉर्डन ब्यूरिग नावाच्या डिझायनरला 1951 मधे याचं पेटंट मिळालं आणि 1968 च्या कॉर्व्हेटपासून हे कारखान्यातून बनून यायला लागलं. पण दांडी असली तरी पत्र्याचं छत ते पत्र्याचं छत, त्याची सर नाही. एक चाक फुटपाथवर चढवून गाडी लावली तरी बॉडी जराशी पिळते आणि दाराची काच जिथे रबराला टेकते तिथली फट बदलते. विश्वास बसत नसेल तर एका कोपऱ्याला जॅक लावून बघा, फट डोळ्याला दिसते.

तेव्हा आज रात्री फक्त एवढंच करा, गाडी उलटी लावा, नाक रस्त्याकडे. पाऊस नसेल तर होस, म्हणजे बागेला पाणी घालायचा पाइप, आहेच. गळती थांबली किंवा मागे सरकली तर संशयित पुढचा कोपरा, निम्मं काम झालं.

मग होसची टेस्ट, आणि ती घाईत करू नका. पुढचं नोझल काढून टाका, प्रेशर नको, अंगठ्याएवढी धार नुसती वाहू द्या. आत कुणीतरी बसवा हातात टॉर्च देऊन, मुलगा असेल तर उत्तम, त्याला यात फार मजा येते. खांबावरचं आणि वरच्या कडेचं प्लॅस्टिक आधी काढून ठेवा, त्याच्या मागचा पत्रा दिसला पाहिजे, आणि त्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पाणी आलं की पावडरीत बारीक नाला पडतो, तो पकडून उलटं वर वर गेलात की उगम सापडतो. खालून वर यायचं, हे महत्त्वाचं. आधी विंडशील्डचा खालचा भाग, मग बाजूचा खांब, मग दाराच्या काचेची वरची कड, मग टी-टॉपची बाहेरची कड, आणि मधली दांडी सगळ्यात शेवटी. एका जागी चारपाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि कुठून आलं ते देवालाच माहीत.

यात विंडशील्डच दोषी निघाली तर टी-टॉपला हात लावू नका, काचवाल्याकडे जा. वरच्या कडेच्या पट्टीखाली गंज धरून तिथून पाणी येणं या वयाच्या गाड्यांत नवीन नाही.

दाराच्या काचेवरून येत असेल तर नोट काढा. एक डॉलरची चालेल. रबर आणि काच यांच्यामधे नोट ठेवून दार लावा आणि ओढा, जड गेली पाहिजे. अशी दर तीनचार इंचावर ओढत जा. जिथे लोण्यातून सुरी निघावी तशी सुटते तिथे खडूने खूण करा. तुमच्या बाबतीत ही खूण दाराच्या काचेच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात येईल असं मला वाटतं, कारण तीन रबरं तिथेच एकमेकांना भेटतात, आणि तीन शेजारी जिथे भेटतात तिथे भांडण असतंच.

पण काच नीट टेकत नाही म्हणून लगेच काच ॲडजस्ट करायला बसू नका, आधी दार बघा. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला खालून धरून वर उचला. खटकन हललं तर बिजागरीच्या पिना आणि बुशिंगा गेल्यात. या कॅमारोची दारं लांब आणि वजनाला जड, या वयात ती खाली लोंबतातच, आणि दार लोंबलं की काचही लोंबली. पिना-बुशिंगा स्वस्त मिळतात, एका दुपारचं काम आहे, दाराखाली जॅक आणि गोधडी लावून दोघांनी करायचं. मी ओळखीच्या दोन कॅमारोंची गळती निव्वळ या पिनांवर थांबलेली बघितलीये, आणि दोन्ही मालकांनी आधी तुमच्यासारखीच रबरं घेतलेली होती.

दार ठीक झालं की मग काच. ती किती वर जाते आणि आतल्या बाजूला किती कलते, दोन्ही दाराच्या आतून ॲडजस्ट होतं. कलणं जास्त महत्त्वाचं. हायवेला पासष्ट मैलांच्या स्पीडला बाहेरचा दाब कमी होतो आणि बिनचौकटीची काच बाहेर ओढली जाते, म्हणून काहींची गाडी उभी असताना कोरडी आणि चालताना गळते. टी-टॉपचं पॅनल धरून ठेवणाऱ्या लॅचला शेवटी हात घाला, आधीची जागा मार्करने आखून ठेवा आणि एका वेळी जेमतेम एक मिलिमीटर. ते काचेचं पॅनल आहे, आवळून आवळून तडकवू नका.

नवीन रबरानंतर गळती वाढली म्हणताय त्याची कारणं दोन असू शकतात. एक, नवीन रबर फुगीर असतं, काच थोडी वर बसते, आणि चार दिवस उन्हात टी-टॉप लॉक करून ठेवले की रबर काचेचा आकार घेतं. तुम्ही बसवल्याबसवल्या काढून फिरायला गेलात का? मग ते आकार घेणार कधी. दोन, रबर ज्या पत्र्याच्या चॅनलवर बसतं त्या चॅनलच्या स्क्रूखालचं जुनं सीलर वाळून पोपडे झालेलं असतं आणि पाणी रबराच्या खालून येतं. वरून कितीही बघा, दिसणार नाही. चॅनल काढून, खालचं खरवडून, गंज घालवून नवीन सीलरवर परत बसवावा लागतो. आणि रबर चिकटवताना आधी साच्यातले तयार कोपरे बसवायचे, मग सरळ भाग, आणि ताणायचं अजिबात नाही. ताणलेलं रबर थंडीत आक्रसतं आणि कोपऱ्यातून सुटतं.

रबराच्या पोकळ नळीला खालून बारीक छिद्रं दिसतील, ती डिफेक्ट नाहीत, दाबल्यावर हवा निघायला आहेत. ती बुजवू नका. आणि हात जोडून सांगतो, बाथरूमच्या टबाला लावतात ते सिलिकॉन वापरू नका. मी माझ्या 1988 च्या फायरबर्डला टी-टॉपच्या पूर्ण कडेने भरलं होतं, तेव्हा अक्कल नव्हती. महिनाभर एक थेंब नाही, मी कॉलर ताठ करून फिरत होतो. मग मे महिना आला, पॅनल उघडलं तर रबर फाटून काचेबरोबरच वर आलं आणि खालचा पत्रा तांबूस झालेला. त्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते ॲसिटिक ॲसिड, पत्र्याला खातं. शिवाय जिथे ते लागलं तिथे नंतर ना गोंद धरतो ना रंग. मला ते खरवडायला पूर्ण उन्हाळा लागला.

प्रश्न: माझ्याकडे 1991 ची निस्सान 300 झेडएक्स आहे, टी-टॉपवाली. गळत नाही पण रबरं सुकलीत, खड्ड्यातून गेलं की कुईकुई आवाज करतात. नाशिकहून आई आलीये, ती म्हणते खोबरेल तेल चोळ, नवरा म्हणतो व्हॅसलीन. कुणाचं ऐकू?
एक वाचक, डॅलस, टेक्सस

उत्तर: ताई, घरात शांतता राहावी म्हणून सांगतो, दोघांचंही नको. ही रबरं सहसा ईपीडीएम नावाच्या जातीची असतात, ऊन-पाऊस-ओझोन सगळं सोसतात पण पेट्रोलियम त्यांचा वैरी. व्हॅसलीन पेट्रोलियमचंच, त्याने रबर हळूहळू फुगतं आणि पिठूळ होतं. गंजावर मारायचे स्प्रेसुद्धा त्याच कारणाने नकोत. आईंचं खोबरेल तेल रबराला तेवढं वाईट नाही पण ते खवट होतं, धूळ धरतं, आणि डॅलसला जानेवारीत थिजून पांढरं होईल. ते केसांनाच लावू द्या.

घ्यायचं ते सिलिकॉन ग्रीस, ट्यूबमधे मिळतं. वरचं टबाचं सिलिकॉन वेगळं बरं का, नावावर जाऊ नका, ते सुकून घट्ट होतं, हे ग्रीसच राहतं. आधी रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत, मग पूर्ण वाळू द्या. आता वाटाण्याएवढं ग्रीस बोटावर घेऊन रबराच्या फटीफटीत जिरवा, विशेषतः कोपऱ्यात जिथे बारीक भेगा असतात, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून टाका. चकचकीत दिसलं म्हणजे जास्त झालं. टेक्ससच्या उन्हात वर्षातून तीनचारदा करा, कुईकुई पहिल्याच दिवशी जाईल. सिलिकॉनचा स्प्रे असतो तो थेट गाडीवर मारू नका, विंडशील्डवर गेला की वायपर फिरवल्यावर समोर धुकं दिसतं.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. या गाडीचा इंजिन कंप्युटर पॅसेंजरच्या पायाशी असतो. आज गळत नाही, छान, पण महिन्यातून एकदा त्या बाजूच्या कार्पेटखाली हात घालून बघत जा. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खालचा जाड थर स्पंजासारखा भिजलेला असतो. तिथे ओल लागली तर रबराचं नंतर, आधी सीट काढून कार्पेट उचला आणि पंखा लावून दोनतीन दिवस वाळवा. आणि पॅनल डिकीत ठेवताना त्याच्या पिशवीतच ठेवा, एकावर एक नको.

प्रश्न: 1987 ची कॉर्व्हेट आहे. छताचं एकच मोठं पॅनल. उन्हाळ्यात काढलं होतं, परत लावल्यापासून पुढच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते आणि पाऊस आला की थेंब. आधी असं नव्हतं.
एक वाचक, डेट्रॉइटजवळ, मिशिगन

उत्तर: आधी नव्हतं आणि लावल्यावर झालं म्हणजे लावण्यातच काहीतरी चुकलंय, रबर एका उन्हाळ्यात मरत नाही. तुमच्या गाडीचं पॅनल लॅचवर नाही, चार बोल्टवर बसतं, पुढे दोन मागे दोन. ही गाडी आखताना मधे टी-बार, म्हणजे वर सांगितली ती मधली दांडी, होता, तो शेवटी शेवटी काढून टाकला, त्यामुळे बॉडीला आधार देण्याचं थोडं काम या पॅनलकडे आलं. म्हणून बोल्ट ढिला ठेवून चालवायची नाही, छत हलतं, रबर घासतं.

चारही बोल्ट सोडा आणि नव्याने लावा. गाडी सपाटीवर, चारही चाकं जमिनीवर, जॅकवर तर मुळीच नाही. पॅनल ठेवण्याआधी पुढच्या रबरावरून बोट फिरवा, कुठे आत दुमडलंय का, दहातल्या नऊ वेळा तेच असतं, एक कड मुडपून आत गेलेली असते आणि तिथूनच शिट्टी येते. मग चारही बोल्ट हाताने चारपाच आटे फिरवून घ्या, चारही लागल्याशिवाय एकही आवळायचा नाही. नंतर गाडीबरोबरच्या पान्याने थोडं थोडं करत आवळा. जोर काढायची जागा नाही ही, आटे गेले तर खर्च मोठा. शिट्टी नेमकी कुठून येते ते कळत नसेल तर त्या कडेला रंगाऱ्याची टेप लावून एक चक्कर मारून या, आवाज बंद झाला की जागा सापडली.

प्रश्न: काका, आमची साधी सनरूफवाली एसयूव्ही आहे, स्पोर्ट्स कार वगैरे नाही. जुलैत वरच्या लाइटमधून पाणी टपकायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पूर्ण सनरूफ बदला, आकडा ऐकून यांना घामच फुटला. गाडी सोसायटीत गुलमोहराखाली असते.
एक वाचक, पुणे

उत्तर: गुलमोहर लिहिलंत म्हणून बरं झालं. सनरूफसुद्धा वॉटरप्रूफ नसतं, काचेभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. गुलमोहराची पानं म्हणजे ती बारीक बारीक टिकल्यांसारखी, चिखलाबरोबर नळीच्या तोंडाशी जाऊन बसली की बूचच. पन्हळ तुंबली की पाणी आत, आणि मग जिथे भोक सापडेल तिथून, म्हणजे लाइटमधून.

सनरूफ उघडा, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटभर खोल भोक दिसेल. कपभर पाणी घेऊन चमच्याने हळूहळू सोडा. दुसऱ्याला खाली वाकून बघायला सांगा, पुढच्या चाकाच्या मागे किंवा दाराच्या बिजागरीपाशी धार पडली पाहिजे. नाही पडली तर जाड तंगूस घ्या, मासेमारीच्या दुकानात मिळते, टोक मेणबत्तीवर जरा गोल करा म्हणजे नळी फाटणार नाही, आणि हलक्या हाताने आत सारा, मागे-पुढे करत. तार नको. पंक्चरवाल्याकडची हवा तर नकोच, प्रेशरने नळी आतल्या आत जोडावरून निसटते आणि मग खरंच छताचं कापड उतरवायची वेळ येते. मागच्या दोन नळ्या बऱ्याच गाड्यांत सहज दिसत नाहीत, तेवढ्या साध्या मेकॅनिककडून करून घ्या.

दोन्ही बाजूंनी धार नीट पडली, तरीही लाइटमधून थेंब आला, तरच सनरूफचं बोलू. झाडाखालची जागा बदलून मिळाली तर बघा, पुण्यात ते सनरूफ बदलण्यापेक्षा अवघड आहे हे मान्य, नाहीतर पावसाळ्याआधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा हा कपभर पाण्याचा कार्यक्रम करत जा.